उरलेले एकशे पासष्ट

ओतियाच्या शेताला चार कोपरे होते.
तसे अजूनही आहेत,
पण मधून तार गेली एका मार्च महिन्यात,
तारेवर हिरवी पाटी बसली,
आणि पलीकडचे दोन
नुसते बघायचे झाले.
गहू वाढला की तेही नाही.

मझिया सातवीत. गृहपाठ असा :
घराजवळचा एखादा चौकोन मोजून आणा.
बाकीच्यांनी खिडक्या मोजल्या, कोंबड्यांचं खुराडं मोजलं.
हिनं शाळेचा मोठा लाकडी कोनमापक मागून आणला
गुरुवारी परत करायच्या बोलीवर.

विहिरीपाशी त्र्याऐंशी अंश.
रस्त्यापाशी एकशे बारा.
(सुतळी दोनदा निसटली,
तिसऱ्यांदा बापानं बुटाखाली दाबून धरली.)

चौकोन कितीही वेडावाकडा असो,
कोपऱ्यांची बेरीज तीनशे साठच.
एतेरीबाईंनी वर्गात कागदाचे चारही कोपरे फाडले होते,
टोकाला टोक लावून टेबलावर ठेवले होते,
आणि कुठे फट उरली नव्हती.
तेव्हा मझियाला वाटलं होतं,
कागद होता म्हणून जमलं.

वजा केले. उरले एकशे पासष्ट,
पलीकडच्या दोघांत मिळून.
कोणाच्या वाट्याला किती,
हे काही वजाबाकी सांगेना.
आणखी एक काहीतरी कळायला हवं होतं.

"बाबा, नासपतीकडचा कोपरा केवढा होता?"

ओतिया बोलण्यातला माणूस नव्हे.
त्यानं फडताळातून घडीची लाकडी पट्टी काढली,
सुतारकाम सुटल्यापासून न उघडलेली.
करकरत उघडली. थांबला. थोडी मिटली.
"एवढा. इथे ट्रॅक्टर एका दमात वळायचा नाही,
मागे घ्यावा लागायचा."
मग आणखी उघडली,
"आणि दगडाकडचा, एवढा. इथे शीळ घालत वळायचो."

मझियानं पट्टीला कोनमापक लावला.
सत्तर.
एकशे पाच.
बेरीज एकशे पंचाहत्तर.

दहा जास्त.

बारा वर्षं लांबून पाहिलेलं शेत
दहा अंशांनी फुगलं होतं.

ती काही बोलली नाही. पेन्सिल चावली.
सत्तर आणि एकशे पाच, पुन्हा पाहिले.
एक दुसऱ्याच्या बरोबर दीडपट!
माप चुकलं होतं बाबाचं,
प्रमाणाचं मात्र तिला पटलं.

मग तिनं नासपतीच्या कोपऱ्याला अक्षर दिलं.
तिच्या वहीत ते फुलीसारखं दिसतं,
आपण क्ष म्हणू.
शेत जेव्हा क्षेत्र होतं
तेव्हाचं त्याचं पहिलं अक्षर.

क्ष अधिक दीड क्ष
बरोबर एकशे पासष्ट.
अडीच क्ष. भागलं.
क्ष सहासष्ट.
दगडाकडे नव्व्याण्णव.

ताळा केला बोटानं, मग पुन्हा बोटाविना :
त्र्याऐंशी, एकशे बारा, सहासष्ट, नव्व्याण्णव.
मिटलं शेत. कागदावर का होईना,
बांध बांधाला लागला.

ओतियानं चष्मा लावून वही धरली.
"सहासष्ट? मी सत्तर दाखवला."
"चार कमी केले."
"आणि दगडाकडचे?"
"सहा."
"गेले कुठे ते?"

तार आली तेव्हा
मझिया एक वर्षाची होती.
तिनं नासपतीचं झाड पाहिलंय
ते फक्त हिवाळ्यात, बिनपानांचं.
ती म्हणाली, "ते नव्हतेच, बाबा."

तो बराच वेळ काही बोलला नाही.
चुलीवरची किटली उतू गेली, ती तिनंच उतरवली.

सकाळी पट्टी खिडकीत उभी होती,
कोपऱ्याचं टोक शेताकडे करून.
बिजागरी ढिली, आपोआप मिटणारी,
म्हणून मध्ये एक अक्रोड अडकवलेला.
शाळेला उशीर होत होता, तरी मझियानं मापलं.
अडुसष्ट.

तिनं अक्रोड बदलला नाही.